करार न्यूयॉर्कमध्ये, दाखला बुलढाण्यात

बुलढाणा जिल्ह्यात अनोळखी माणसाला आधी गाव विचारतात आणि लगेच दुसरा प्रश्न येतो: घाटावरचे की घाटाखालचे? चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. रेल्वेचा मोठा मार्ग घाटाखालून जातो, जिल्ह्याचं ठाणं मात्र वर, अजिंठ्याच्या डोंगरावर. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या, पायाने अधू असलेल्या माणसाला दिव्यांगत्वाचा दाखला काढायचा असेल, तर तालुक्याला शिबिर लागायची वाट पाहायची. नाहीतर कित्येकदा एसटीने घाट चढून जिल्हा रुग्णालयातल्या वैद्यकीय मंडळापुढे जायचं. दाखला हाती पडला की त्याच एसटीत ७५ टक्के सवलत मिळते. बसची पहिली पायरी मात्र सवलतीआधी जेवढी उंच होती तेवढीच नंतरही राहते.

हा दाखला देणारा डॉक्टर राज्य सरकारचा. ज्या कायद्याखाली तो देतो तो संसदेचा, २०१६ सालचा. आणि त्या कायद्याच्या पहिल्याच ओळींत लिहिलं आहे की तो संयुक्त राष्ट्रांच्या एका कराराची अंमलबजावणी करण्यासाठी केला आहे. म्हणजे बुलढाण्याच्या त्या कागदाची एक मुळी थेट न्यूयॉर्कपर्यंत जाते. १३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार मंजूर केला आणि ३० मार्च २००७ रोजी तो सह्यांसाठी खुला झाला. पहिल्याच दिवशी ८२ सह्या पडल्या. एवढ्या सह्या पहिल्या दिवशी तोवर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या कुठल्याच कराराला मिळाल्या नव्हत्या. त्या ८२ जणांत भारत होता. आणि त्यांच्यात एक सही अशी होती जी कुठल्याही देशाची नव्हती. ती होती युरोपीय समुदायाची, म्हणजे आजच्या युरोपीय संघाची.

देशांनी करार करावेत हे आपल्या अंगवळणी पडलं आहे. देशांच्या संघाने मानवी हक्कांच्या करारात देशांच्या रांगेत उभं राहून सही करावी, हे त्या दिवसापूर्वी कधी घडलं नव्हतं. युरोपीय संघाकडे सैन्य नाही, पोलीस नाहीत, स्वतःची रुग्णालयं नाहीत, गावोगावच्या शाळा नाहीत. सध्या २७ असलेल्या सदस्य देशांनी आपल्या अधिकारांतला काही वाटा त्याच्याकडे सोपवला आहे, आणि जेवढा सोपवला तेवढ्यापुरता त्याचा कायदा देशांच्या कायद्यांच्या वर चालतो. असा संघ ‘दिव्यांगांचे हक्क मी पाळीन’ म्हणतो, तेव्हा त्याने नेमकं काय कबूल केलं? रॅम्प तो बांधणार का? पेन्शन तो देणार का?

करार लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न अगोदरच ओळखला होता. मेक्सिकोच्या प्रस्तावावरून २००१ साली मसुद्यासाठी समिती नेमली गेली आणि तिच्या बैठका २००६ पर्यंत चालल्या. ‘आमच्याबद्दल आमच्याविना काही नको’ असं म्हणत दिव्यांगांच्या संघटना त्या बैठकांना हजर राहिल्या, आणि अशा वाटाघाटींत सहसा न दिसणारी गोष्ट म्हणजे त्यांचं ऐकलंही गेलं. कराराच्या ४४व्या कलमात अशा संघांना सामील होण्याची वाट ठेवली, पण त्याबरोबर अट घातली: सामील होताना आपल्या अधिकाराची हद्द लिहून द्यायची. मतदानाचाही नियम ठरला. संघाला त्याच्या जेवढ्या सदस्य देशांनी करार स्वीकारला असेल तेवढी मतं मिळतील. पण सदस्यांपैकी एकानेही स्वतःचं मत दिलं तर संघाने द्यायचं नाही, आणि संघाने दिलं तर सदस्यांनी नाही. लग्नात एका घराचा आहेर एकदाच लिहितात, तसाच हा हिशेब.

सही २००७ ला झाली. संघाच्या मंत्रिपरिषदेचा निर्णय व्हायला २६ नोव्हेंबर २००९ उजाडला, आणि मंजुरीचा दस्तऐवज न्यूयॉर्कमध्ये जमा झाला २३ डिसेंबर २०१० रोजी. २२ जानेवारी २०११ पासून करार संघाला लागू झाला. उशिराची कारणं बरीच होती. मला त्यांतलं सर्वांत रंजक वाटतं ते म्हणजे निर्णयाला जोडलेलं एक परिशिष्ट. तिथे संघाने आपली हद्द ओळीओळीने मांडली आहे. सरकारी अनुदानं सामाईक बाजाराच्या नियमांत बसतात का आणि सामाईक जकात किती, या बाबी एकट्या संघाच्या. भेदभावाविरुद्धचे नियम, रेल्वे, रस्ते, जल आणि हवाई वाहतूक, माल आणि माणसांची ये-जा, आकडेवारी या बाबी संघ आणि देश यांच्या सामाईक. संघाच्या स्वतःच्या कार्यालयांत दिव्यांग कर्मचाऱ्यांना काय सोयी द्यायच्या, ते संघ बघणार. कोणत्या विषयावर संघाचा कोणता कायदा आधीच आहे, त्याची यादीही सोबत लावली. वाचायला हा कागद अतिशय रूक्ष आहे. पण एखाद्या सरकारने जगापुढे ‘एवढं काम माझं, एवढं त्यांचं’ असं स्वतःहून लिहून दिल्याचं दुसरं उदाहरण चटकन आठवत नाही.

या कागदाचा उपयोग काय, ते आयर्लंडवरून कळतं. आयर्लंड संघाचा सदस्य, पण त्याने स्वतः करार स्वीकारला तो २० मार्च २०१८ ला, सदस्य देशांत सर्वांत शेवटी. मधली सात वर्षं आयर्लंडमधला दिव्यांग माणूस संघाच्या हद्दीतल्या बाबींपुरता कराराच्या छपराखाली होता आणि आयरिश सरकारच्या हद्दीतल्या बाबींसाठी उघड्यावर. ब्रिटनचं उलट झालं. तो ३१ जानेवारी २०२० ला संघातून बाहेर पडला, पण त्याने स्वतःची मंजुरी २००९ मध्येच दिलेली असल्याने करार त्याला चिकटून राहिला.

युरोपने हा एक करार पार पाडला. पण दुसरा, त्याहून जुना आणि त्याच्या जास्त जवळचा करार अजून त्याच्या हाती लागलेला नाही. ४ नोव्हेंबर १९५० रोजी रोममध्ये झालेला युरोपीय मानवी हक्क करार, ज्याचं न्यायालय फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला बसतं, त्यात आज ४६ देश आहेत आणि संघाचे सगळे २७ सदस्य त्यांत येतात. संघ स्वतः मात्र नाही. यातून होणारा घोटाळा समजायला एका विमानाची गोष्ट पुरते.

बॉस्फरस एअरवेज या तुर्की कंपनीने युगोस्लाव्हियाच्या विमान कंपनीकडून एक विमान भाड्याने घेतलं होतं. १९९३ साली ते दुरुस्तीसाठी डब्लिनला उतरलं. तेव्हा युगोस्लाव्हियावर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध होते, आणि ते युरोपीय समुदायाने आपल्या नियमाने सदस्य देशांत लागू केले होते. त्या नियमावर बोट ठेवून आयर्लंडने विमान अडकवलं. कंपनीचं म्हणणं: आम्ही तुर्की, युगोस्लाव्हियाशी आमचा संबंध भाड्यापुरता, आमची मालमत्ता का अडकवता? ती स्ट्रासबुर्गला गेली. पण तिथे दावा लावायचा कोणावर? नियम करणारा युरोपीय समुदाय करारात नव्हता, म्हणून त्याच्यावर दावा चालत नव्हता. उरला आयर्लंड, आणि आयर्लंड म्हणत होता की मी फक्त हुकूम पाळला. ३० जून २००५ ला न्यायालयाने निकाल दिला: संघाच्या व्यवस्थेत मानवी हक्कांचं संरक्षण साधारण आपल्याच तोडीचं आहे असं आम्ही गृहीत धरतो, त्यामुळे आयर्लंडने हक्कभंग केलेला नाही. कंपनी बारा वर्षांनी रिकाम्या हाताने परतली. ज्याने नियम केला त्याला कोर्टात उभं करता आलं नाही, आणि ज्याला उभं केलं त्याने नियम केला नव्हता.

ही फट बुजवायचा प्रयत्न जुना आहे. १९९६ मध्ये लक्झेंबर्गमधल्या संघाच्या स्वतःच्या न्यायालयाने सांगितलं की सामील व्हायचा अधिकारच तुमच्याकडे नाही. मग १ डिसेंबर २००९ ला अमलात आलेल्या लिस्बन तहात संघ त्या करारात ‘सामील होईल’ असं लिहून टाकलं. २०१३ मध्ये सामिलीचा मसुदा तयार झाला. १८ डिसेंबर २०१४ ला त्याच न्यायालयाने तोही नाकारला. बाहेरचं न्यायालय आपल्या डोक्यावर बसेल, देश एकमेकांवर ठेवतात त्या विश्वासाला तडा जाईल, संघाचा कायदा काय म्हणतो हे सांगायचा आपला मान जाईल, अशी त्याची कारणं होती. कायदेपंडितांनी या मतावर पुष्कळ शाई खर्च केली आहे. मला त्यात न्यायाधीशांची आपलं घर सांभाळायची धडपड जास्त दिसते. बोलणी पुन्हा सुरू झाली आणि मार्च २०२३ मध्ये वाटाघाटी करणाऱ्यांचं बहुतेक मुद्द्यांवर जमलं, पण सामिली झालेली नाही. याच काळात स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धच्या इस्तंबूल करारात मात्र संघ २८ जून २०२३ ला दाखल झाला. ज्या तुर्कस्तानच्या शहराचं नाव त्या कराराला आहे, तो देश २०२१ मध्येच त्यातून बाहेर पडला होता.

सामिलीच्या त्या अडलेल्या मसुद्यात एक तरतूद आहे, आणि तिच्यासाठीच मी ही सगळी युरोपची वारी वाचकाला घडवली. ती सह-प्रतिवादीची. कोणी एखाद्या सदस्य देशावर दावा लावला आणि दोषाचं मूळ संघाच्या नियमात आहे असं दिसलं, तर संघाला त्याच खटल्यात शेजारी उभं करता येईल. दावा संघावर असेल आणि मूळ संघाच्या तहातच असेल, तर देशांना. निकाल दोघांवर मिळून लागेल, आणि भरपाई कोणी किती द्यायची ते दोघांनी आपापसांत बघायचं. माणसाने आपलं गाऱ्हाणं सांगायचं. त्यातलं किती दिल्लीचं आणि किती गल्लीचं, ते शोधण्याचं काम त्याच्या गळ्यात घालायचं नाही.

आता दिल्ली आणि गल्ली खरोखरच पाहू.

भारताने करारावर सही केली ३० मार्च २००७ ला आणि अनुसमर्थन, म्हणजे पक्की मंजुरी, दिली १ ऑक्टोबर २००७ ला. युरोपीय संघाच्या तीन वर्षं आधी. पुरेशा देशांची मंजुरी होऊन करार जगात अमलात आला ३ मे २००८ ला, त्याच्याही आधी. भारताला हे इतक्या लवकर जमलं याचं कारण आपल्या घटनेत आहे. भारत हा राज्यांचा संघ आहे असं पहिलंच कलम सांगतं. पण ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट केलं होतं की हा संघ राज्यांनी आपसांत करार करून बनवलेला नाही, म्हणून कुठल्याही राज्याला त्यातून फुटून निघता येणार नाही. युरोपात देशांनी अधिकार वर दिले. इथे घटनेने ते वरून खाली वाटले. परदेशांशी करार करणं हा विषय संघसूचीत, एकट्या केंद्राचा. त्यावर २५३वं कलम आहे: आंतरराष्ट्रीय कराराची किंवा परिषदेच्या निर्णयाची अंमलबजावणी करायची असेल, तर विषय राज्यसूचीतला असला तरी संसद त्यावर देशभरासाठी कायदा करू शकते.

आणि विषय खरोखरच राज्यसूचीतला होता. सातव्या अनुसूचीच्या राज्यसूचीत नववी नोंद आहे ती अपंग आणि काम करण्यास असमर्थ व्यक्तींना साहाय्य देण्याची. घटनाकारांच्या काळात हा विषय दयाधर्माचा, म्हणून जवळच्या सरकारचा मानला गेला. डिसेंबर १९९२ मध्ये बीजिंगला आशिया-पॅसिफिकच्या देशांची बैठक झाली आणि दिव्यांगांना समान हक्क देण्याची घोषणा झाली. तिचा हवाला देत संसदेने १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा केला. त्यात सात प्रकार मोजले होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. विदर्भाच्या आदिवासी पट्ट्यात घरोघरी ओळखीचा असलेला सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, ॲसिड हल्ल्यात जखमी झालेले, अध्ययन अक्षमता असलेली मुलं, हे सारे त्या यादीत आले. सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ झालं. करार स्वीकारल्यापासून हा कायदा १९ एप्रिल २०१७ ला अमलात येईपर्यंत साडेनऊ वर्षं गेली. म्हणजे सही करण्यातली आपली आघाडी काही फार कामाला आली नाही.

एक आडवाट घेतो. २५३व्या कलमाची किमया बुलढाणेकरांना नवी नाही, त्यांना नाव माहीत नसलं तरी. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेच्या निर्णयांचा आधार घेऊन संसदेने १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा केला, तो याच वाटेने. लोणारचं सरोवर नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर करारातल्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, तेव्हा त्या खाऱ्या पाण्याच्या विवराबाबत भारत जगाला उत्तरदायी झाला. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं आणि वर्तमानपत्रांना त्याचंच अप्रूप वाटलं, ते स्वाभाविक होतं. तर, एका जिल्ह्यात दोन आंतरराष्ट्रीय करार राहतात. एक सरोवराच्या काठावर दिसतो, दुसरा रुग्णालयाच्या रांगेत.

युरोपच्या त्या रूक्ष परिशिष्टासारखा कागद मात्र भारताने लिहिला नाही. लिहिण्याची सक्ती नव्हती, कारण करार करणारा देश एकच होता. पण काम एकाच हातात होतं असं नाही. दाखला देणारं रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं. दिव्यांग ओळखपत्राची संगणकीय यंत्रणा केंद्राची. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान तहसील कार्यालयातून मंजूर होतं. ते बराच काळ महिना दीड हजार होतं, २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी अडीच हजार केलं. शाळेचा रॅम्प आणि स्वच्छतागृह जिल्हा परिषदेचं. बसची पायरी राज्य परिवहन महामंडळाची. मलकापूर, नांदुरा किंवा शेगावला गाडी पकडायची तर रेल्वे केंद्राची, आणि सवलतीसाठी ती आपलं वेगळं ओळखपत्र देते. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला. तक्रार करायला राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत, ते पुण्याला. कोर्टात जायचं तर मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. तिथले वकील मोठे व्यवहारी. ते अर्जात राज्य, जिल्हा परिषद, मुख्य कार्यकारी अधिकारी, ग्रामपंचायत अशी सगळ्यांची नावं प्रतिवादी म्हणून एकाखाली एक लिहून मोकळे होतात. युरोपने सह-प्रतिवादीचं जे कलम लिहायला कित्येक वर्षं घालवली, ते आपल्याकडे टंकलेखकाला पाठ आहे. पण त्याचा लाभ कोर्टाची पायरी चढणाऱ्यालाच. बाकीचे या टेबलावरून त्या टेबलावर.

जिथे जबाबदार एकच असतो तिथे काय होतं, याचंही उदाहरण जिल्ह्यात आहे. कराराचं २९वं कलम राजकीय सहभागाचं. २६ एप्रिल २०२४ ला बुलढाणा लोकसभा मतदारसंघात मतदान झालं, तेव्हा ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना १२-ड हा अर्ज भरून घरून मत देण्याची सोय होती. कर्मचारी मतपत्रिका घेऊन उंबरठ्यापर्यंत गेले. निवडणूक आयोग ही एकच संस्था, तिचा हुकूम तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना बंधनकारक. मतदान केंद्राला रॅम्प हवा म्हणून ठराव, निविदा आणि विभागांची पत्रापत्री होईपर्यंत तारीख थांबणार नव्हती. हेच लोक, हेच तालुके, याच इमारती.

करारामुळे न्यायाधीशांच्या डोळ्यांवरचा चष्मा कसा बदलतो, तेही सांगायला हवं, कारण दोन्हीकडे ते सारखं घडलं. डेन्मार्कमध्ये पाठीच्या आणि मानेच्या दुखण्याने दोन स्त्रिया पूर्ण वेळ काम करू शकत नव्हत्या. आजारपणाच्या रजा १२० दिवसांच्या वर गेल्या की कमी मुदतीच्या नोटिशीवर काढून टाकता येईल, अशा तिथल्या नियमाने त्यांच्या नोकऱ्या गेल्या. संघाच्या न्यायालयाने २००६ मध्ये आजार वेगळा आणि दिव्यांगत्व वेगळं असं सांगून ठेवलं होतं. पण मधल्या काळात संघ करारात गेला होता. ११ एप्रिल २०१३ ला न्यायालयाने संघाचा जुना नियम कराराच्या उजेडात पुन्हा वाचला आणि म्हटलं की दुखणं दीर्घकाळचं असेल आणि इतरांच्या बरोबरीने काम करण्यात आड येत असेल, तर तेही दिव्यांगत्व, आणि कामाचे तास कमी करून देणं ही मालकाने करायची वाजवी सोय ठरू शकते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ ला विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात जवळपास याच वाटेने विचार केला. लिहिताना बोटं आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारला होता, कारण तो ४० टक्क्यांत बसत नव्हता. न्यायालयाने कराराचा आधार घेऊन सांगितलं की टक्केवारी ही आरक्षणासारख्या काही लाभांची अट आहे, वाजवी सोयीची नाही. बुलढाण्यात ३८ टक्क्यांचा दाखला हातात घेऊन कोणी मान खाली घालून परतत असेल, तर त्याला हा निकाल कोणीतरी वाचून दाखवायला हवा. कराराची देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही २०१९ मध्ये भारताच्या या मोजमापाच्या पद्धतीवर बोट ठेवलं होतं.

इमारतींचंही असंच. २०१७ च्या नियमांत सुगम्यतेचे निकष आले, पण ते शिफारशीच्या भाषेत लिहिले गेले. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष तीन महिन्यांत करायला सांगितले. मूळ याचिका २००५ सालची. करार जन्मायच्याही आधीची.

एका बाबतीत आपण युरोपच्या पुढे आहोत, आणि ते सांगताना उगाच संकोच नको. बुलढाण्यात निघालेलं वैश्विक ओळखपत्र, ज्यावर ४० टक्क्यांच्या आत पांढरी, ४० ते ७९ पिवळी आणि त्यावर निळी पट्टी असते, ते देशभर चालतं. कामासाठी पुण्याला किंवा सुरतेला गेलेल्या जिल्ह्यातल्या माणसाला तिथे पुन्हा तपासणी करून घ्यावी लागत नाही. युरोपात जर्मनीच्या कार्डाला स्पेनमध्ये मान मिळेलच याची खात्री नव्हती. सगळ्या सदस्य देशांत मान्य होईल असं युरोपीय दिव्यांग कार्ड काढण्याचा कायदा तिथे ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला, आणि तो प्रत्यक्षात लागू होणार आहे २०२८ मध्ये. तेही थोड्या मुक्कामापुरतं. पेन्शन ज्या त्या देशाची. आपल्याकडेही अनुदान राज्याचंच आहे, त्यामुळे सुरतेत कार्ड ओळखलं जातं, महाराष्ट्राचे अडीच हजार तिथे मिळत नाहीत.

एका बाबतीत दोघेही सारखेच मागे आहेत. कराराला जोडलेला एक ऐच्छिक पूरक करार आहे. तो स्वीकारला की देशातले उपाय थकल्यावर नागरिक थेट संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे गाऱ्हाणं नेऊ शकतो. युरोपीय संघाने तो स्वीकारलेला नाही, भारतानेही नाही. २०१५ मध्ये समितीने संघाची उलटतपासणी केली, तेव्हा त्याला तो स्वीकारायला सांगितला आणि अधिकारांचं ते परिशिष्टही अद्ययावत करा असं बजावलं, कारण २००९ नंतर बरेच कायदे बदलले होते. कोण काय करणार याची यादी एकदा लिहून भागत नाही हे त्यातून उघड झालं. आपल्याकडे अद्ययावत करायला यादीच नाही.

ती करायला मात्र दिल्लीची वाट पाहायचं कारण नाही. जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे २५ लाख ८६ हजार होती आणि महाराष्ट्रात दिव्यांगांचं प्रमाण त्या गणनेत २.६४ टक्के निघालं. त्याच प्रमाणाने धरलं तर एकट्या बुलढाण्यात अडुसष्ट हजारांच्या आसपास माणसं होतात. तेही सात-आठ प्रकारच मोजले जात होते तेव्हाची. यांच्यासाठी तालुक्यागणिक एक कागद लागेल: दाखला कुठे, किती दिवसांत, अनुदान कोणाकडे, शाळेच्या रॅम्पची तक्रार कोणाकडे, त्याने ऐकलं नाही तर पुढे कोण. कायद्याने जिल्हा पातळीवर समिती नेमायला सांगितली आहे, आणि प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारीही. त्या समितीने हा कागद करून पंचायत समितीच्या भिंतीवर लावला, तर त्यासाठी न्यूयॉर्कची परवानगी लागणार नाही.

तोवर वाचकाच्या हातातली एक गोष्ट. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा राज्य सरकारचा आदेश आहे. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजाराचा लिलाव मिळून गावाचं स्वतःचं उत्पन्न चार लाख असेल, तर वर्षाला वीस हजार. रक्कम लहान आहे, म्हणूनच तिचा हिशेब लवकर लागतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांपैकी जी ग्रामसभा पुढे येईल तिला जा, आणि गेल्या वर्षी हे पैसे कोणावर, कशासाठी खर्च झाले ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.